झाकणाखालची आंबील

सौंसर
६ जुलै २०२५

ती. वच्छलाताई यांना,
डब्यासोबत प्रतिभाचा नमस्कार.

चिठ्ठी वरच्या पुडात ठेवली आहे, रस्सा सांडून ओली झाली नाही ना? फोनच करणार होते. पण तुमच्याकडे फोन तुमच्या यजमानांच्या, म्हणजे माझ्या भासऱ्यांच्या खिशात आणि लावला की स्पीकरवर. मी 'ताई' म्हणायच्या आत अंगणातले चार जण 'हॅलो' म्हणतात. आपण दोघी जावा काय बोलतो ते सगळ्या पांढुर्ण्यानं कशाला ऐकायचं? चुलतदीर गुणवंता भाऊजी रोज ऑफिसला इथं येतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यांच्या गाडीला डबा अडकवला की तासाभरात तुमच्या हातात.

डब्यात डाळ-वांगं आहे. कशात केलं ओळखा बरं! चूल नाही, गॅस नाही, शिट्यांचा कुकर नाही. आमच्या अमितनं हैदराबादहून स्लो कुकर पाठवला आहे. आत चिनीमातीचं जडशीळ भांडं, बाहेरून विजेची मंद धग, वर काचेचं झाकण. सकाळी शाळेत जाण्याआधी वांगी, तुरीची डाळ, शेंगदाण्याचा कूट, तिखट-मीठ सगळं घालून बटण दाबते. पाच वाजता घरी येते तो दारातच वास. नियम एकच, मधे झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की अर्ध्या तासाची धग गेली म्हणून समजा.

तुमच्याकडे चूल आहे, सूनबाई उर्वशी हाताशी आहे, बारा माणसांचा राबता आहे. माझ्याकडे मी, शाळा आणि यांची साडेसातची भूक. मला या भांड्यानं फार सोय झाली. उर्वशीलाही चाखायला द्या. आणि तुमचा उजवा खांदा कसा आहे?

तुमची
प्रतिभा

पांढुर्णा
९ जुलै २०२५

चि. सौ. प्रतिभास,
वच्छलाचे आशीर्वाद.

डबा पोचला. गुणवंता दारातूनच ओरडला, "वहिनी, घ्या तुमचं पार्सल! दोघी फोन काऊन नाही करत वो? मी का टपालवाला होय?" त्याला चहा पाजून गप्प केला.

डाळ-वांगं खाल्लं. खरं सांगू? वांगं कुणी आधीच चावून ठेवल्यासारखं मऊ झालं आहे. वांग्याला देठाजवळ थोडी तरी हिंमत पाहिजे. धुराचा वास नाही, खाली लागल्याची खरपूड नाही. आजाऱ्याला बरं आहे.

तुझ्या भासऱ्यांनी मात्र दोनदा घेतलं. त्यांना नवं काही दिसलं की घ्यायचंच असतं. उर्वशीनं तर डबा बोटानं पुसला आणि मला ऐकू जाईल असं आमच्या वैभवला म्हणाली, "काकूचं भांडं लय भारी हाय. आपल्याकडे असतं तं मी दिवसभर चुलीपाशी काऊन बसली असती?" दिवसभर! ही पोरगी चुलीपाशी किती बसते ते मला माहीत आहे.

तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तू नोकरीवाली, तुला सोय पाहिजेच. आमचं काय, आम्ही बसल्या जागी विस्तव सांभाळणारी माणसं.

रिकामा डबा परत पाठवायची आपल्यात रीत नाही म्हणून लिंबाचं लोणचं घातलं आहे. खांदा ठीक आहे. त्याला काय होतं?

वच्छला

सौंसर
२८ जुलै २०२५

ती. वच्छलाताई,
सप्रेम नमस्कार.

लोणचं संपलं. तुमच्या लोणच्याला तोड नाही, हे मी सगळ्यांना सांगते.

परवा शाळेतल्या आठ जणी जेवायला होत्या. अख्खा मसूर आणि कोहळ्याची भाजी, दोन्ही त्याच भांड्यात पाळीपाळीनं केलं आणि मी पाहुण्यांसारखी छान साडी नेसून बसले. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "अहो, स्वयंपाक कुणी केला? तुम्ही तर घामेजल्यासुद्धा नाही." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! शेजारच्या केतकीनं तर भांड्याचा फोटो काढून नेला.

आता मुद्द्याचं. यंदा महालक्ष्म्या १ सप्टेंबरला आहेत. नेहमीप्रमाणे तुमच्याच घरी बसतील, पुरण, सोळा भाज्या, वडे, फुलोरा सगळं तुमच्याच हातचं. फक्त आंबील मी करावी असं ठरलं आहे. पिठाऐवजी ज्वारीच्या कण्या ताकात भिजवून घातल्या की गुठळी होण्याची भीतीच नाही. चार तास मंद धगीवर आपली आपण शिजते, तीन तास चुलीपुढं बसून घोटायला नको. सहा लिटरचं भांडं आहे, चाळीस पानांना वाटी-वाटी सहज पुरेल. यांचं आणि भासऱ्यांचं फोनवर बोलणं झालं आहे. भासरे लगेच हो म्हणाले.

मी इथं दोनदा करून पाहिली. लोण्यासारखी झाली होती.

तुमची
प्रतिभा

पांढुर्णा
२ ऑगस्ट २०२५

प्रतिभास,

"ठरलं आहे" हा शब्द मी चार वेळा वाचला. कुणी ठरवलं? तुझ्या नवऱ्यानं आणि माझ्या नवऱ्यानं! त्या दोघांना आंबिलीत ताक आधी पडतं की ज्वारी, ते तरी माहीत आहे का?

मी यांना विचारलं तर म्हणाले, "करू दे ना तिले. तू आधी खांदा पाह्य आपला, मंग आंबील पाह्यजो." खांदा, खांदा! जो तो माझा खांदाच पाहून राहिला आहे.

बावीस वर्षं झाली प्रतिभा. सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या वर्षीपासून महालक्ष्मीची आंबील मी घोटते. पाठ धरते, धुरानं डोळे चुरचुरतात, पण त्या दिवशी चुलीपुढची जागा माझी असते. बोरगावच्या नणंदबाई आल्या आल्या आधी माझ्याकडे बघतात आणि मग देवीकडे. वर्षभर मला कोण विचारतं ग? तुला शाळेत पोरं 'मॅडम, मॅडम' करतात. पंधरा ऑगस्टला खुर्ची मिळते. माझं नाव तर रेशन कार्डावरच लिहिलेलं. वर्षातून तो एक दिवस मला मान मिळतो, तोही तू भांड्यात घालून झाकण लावणार?

आणि ऐक. शाळेतल्या बायांचं जेवण वेगळं, नैवेद्य वेगळा. नैवेद्य दाखवेपर्यंत चाखता येत नाही, वाससुद्धा मुद्दाम घ्यायचा नाही. मी उकळीच्या आवाजावरून सांगते आंबील झाली की नाही. तुझं भांडं तर आवाजही करत नसेल. मग कळणार कसं तुला?

मला तुझा हेवा वाटतो, लिहूनच टाकते. तुझ्या भांड्याचा वाटतो आणि न घामेजता पाहुण्यांत बसण्याचा वाटतो. झालं समाधान? आता करा तुमच्या मनाचं.

डब्यात चकल्या आहेत. उर्वशीनं केल्या आहेत, कडक झाल्या तर मला बोलू नको.

वच्छला

सौंसर
१३ ऑगस्ट २०२५

ती. वच्छलाताई,

तुमचं पत्र आल्यावर दोन दिवस मला शाळेत धड शिकवता आलं नाही. यांना वाचून दाखवलं नाही. डब्याच्या पिशवीत ठेवलं, मग काढलं, मग पुन्हा ठेवलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. भांड्याची कल्पना माझी, पण आंबिलीची भासऱ्यांची. त्यांनीच यांना फोन केला. म्हणाले, "थे डाव्या हातानं वेणी घालून राहिली सहा महिन्यांपासून. मले वाटते, मी पाहत नाही. पण सांगू नका तिले, चिडन." मी सांगू नये ते सांगितलं. चिडायचं असेल तर माझ्यावर चिडा.

आता माझं ऐका. तुम्ही लिहिलंत म्हणून मीही लिहिते.

लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली. दर महालक्ष्म्यांना मी येते तेव्हा तुम्ही मला काय काम देता आठवतं? केळीची पानं पुसायची. कोथिंबीर निवडायची. मग आलेल्या बायकांना हळदीकुंकू लावायचं, "कारण प्रतिभा नीटनेटकी दिसते." सव्वीस वर्षं पानं पुसली मी ताई! एकदा वडे तळायला बसले तर तुम्ही झारा हातातून घेतलात आणि हसत म्हणालात, "राहू दे, तुझी साडी खराब होईल." सगळ्या हसल्या. मीही हसले. बाहेर मी मॅडम असेन, पण त्या घरात मी अजून पाहुणीच आहे. तुमच्याभोवती बायका गोळा होतात, तुमच्या हातचं खाऊन सासूबाईंची आठवण काढतात, आणि मी पदर सावरत कुंकवाचा करंडा घेऊन उभी. मला तुमचा हेवा वाटत नसेल असं वाटलं होतं का तुम्हाला?

एकदा तरी माझ्या हातचं देवीच्या ताटात जाऊ द्या. एक वाटी. मग पुन्हा पानं पुसीन.

प्रतिभा

पांढुर्णा
२५ ऑगस्ट २०२५

प्रतिभास आशीर्वाद.

पोळा झाला, बैलांना पुरणपोळी खाऊ घातली. परवा गोटमारीची जत्रा होती, वैभवला दिवसभर घरात डांबून ठेवला. पलीकडे सावरगावात त्याचे दोस्त आहेत आणि त्या दिवशी नदीवर दोस्त काय आणि कोण काय, सारेच दगड उचलतात. संध्याकाळी तो म्हणाला, "आई, तुझ्यापेक्षा दगड बरा."

ये. भांडं घेऊन ये. ओट्याच्या कोपऱ्यात जागा करून ठेवली आहे. तिथं प्लग एकच आहे, मिक्सर मी आदल्या दिवशीच उरकून घेईन.

केळीची पानं यंदा उर्वशी पुसेल.

वच्छला

सौंसर
५ सप्टेंबर २०२५

ती. वच्छलाताई यांना
प्रतिभाचा वाकून नमस्कार.

घरी आले तरी कानात अजून तेच. पंगतीत पहिली वाटी बोरगावच्या नणंदबाईंनी तोंडाला लावली तेव्हा माझा जीव मुठीत होता. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अशी आंबील तं माह्या मायच्या हातची खाल्ली होती. त्याच्यानंतर आजच." मला तिथंच रडू आलं. भासऱ्यांनी तीन वाट्या घेतल्या. जाताना नणंदबाईंनी सगळ्या बायकांत माझा हात धरून विचारलं, "हे भांडं कुठं मिळते वो?" शिक्षक दिनाचा सत्कार आज शाळेत झाला, पण त्याचं काही वाटलं नाही, इतकी मी त्या दिवसातच आहे.

तुम्ही वाटी घेतली नाहीत. तुमच्या पानाजवळ तशीच होती, मी पाहिलं. थकला असाल म्हणून बोलले नाही.

आणि ताई, एक गोष्ट. मी देवींना पातळं नेसवायला गेले होते तेव्हा स्वयंपाकघरात तुम्ही एकट्याच होतात. भांड्यापाशी तुम्ही काय केलंत ते मला ठाऊक आहे. झाकण पुसून ठेवलंत तरी मला कळलंच. कुणाला सांगितलं नाही, यांनाही नाही. सांगणारही नाही. पण जन्मभर लक्षात ठेवीन.

डब्यात शेवयांची खीर आहे. तीही त्याच भांड्यातली.

तुमची
प्रतिभा

सौंसर
१५ सप्टेंबर २०२५

ती. वच्छलाताई,

काल डबा परत आला. रिकामा! धुऊन, पुसून, झाकण लावून, आणि आत काही नाही. चिठ्ठी नाही, साखरेचा दाणा नाही. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. गुणवंता भाऊजींना विचारलं तर म्हणाले, "मले काही माहीत नाही बाप्पा. वहिनीनं डबा देल्ला अन् आत निघून गेली. चहाही नाही पाजला."

खीर नासली होती का? मी काही चुकीचं लिहिलं का? की नणंदबाई बोलल्या त्याचं मनावर घेतलंत?

दोन ओळी तरी लिहा. खांद्यानं लिहवत नसेल तर उर्वशीकडून लिहवून घ्या.

प्रतिभा

पांढुर्णा
२१ सप्टेंबर २०२५

प्रतिभास,

उर्वशीकडून लिहवून घेण्यासारखं हे नाही. दुखऱ्या हातानंच लिहिते.

तू लिहिलंस, तुम्ही काय केलंत ते मला ठाऊक आहे, जन्मभर लक्षात ठेवीन. खीर उर्वशीनं खाल्ली, मी चाखली नाही. मला वाटलं, आता ही मला असंच गोड बोलून टोचत राहणार, दर सणाला, दर डब्याबरोबर. त्यापेक्षा मीच सगळं लिहून टाकते. मग तू यांना सांग, नणंदबाईंना सांग, कुणालाही सांग.

त्या दिवशी सकाळी तू भांडं ओट्यावर ठेवलंस आणि उर्वशी त्याच्याभोवती नाचू लागली. चुलीकडे कुणी फिरकलं नाही. मी पुरण वाटत होते आणि मनात देवीला म्हणत होते, लाईन जाऊ दे. चार तास लाईन गेली नाही. एरवी दिवसातून तीनदा जाते.

मग तू पातळं नेसवायला गेलीस. उर्वशी अंगणात रांगोळी काढत होती. काचेतून आंबील दिसत होती, एकसारखी, चकचकीत, एक गुठळी नाही. बावीस वर्षांत माझी कधी तशी झाली नव्हती. गुठळ्या मी हातानं फोडते आणि कुणाला दिसू देत नाही. मी मिठाची बरणी पुढं ओढली.

मिठाच्या बरणीत सासूबाईंचा करवंटीचा चमचा आहे. एवढ्या आंबिलीला सपाट तीन चमचे, हे माप माझ्या हातात बसलेलं आहे. मी विचार केला, हिनं आपलं मीठ घातलंच असेल. आणखी तितकंच पडलं तर दुप्पट खारट होईल, कुणाला घोट गिळवणार नाही. आणि चाखता येत नसल्यामुळे नैवेद्य दाखवेपर्यंत कुणाला कळणारही नाही. मी झाकण उचललं, तीन चमचे घातले, ढवळलं, झाकण पुसून ठेवलं. देवीच्या नैवेद्यात प्रतिभा! त्या वेळी खांदाही दुखला नाही.

पंगत बसली तेव्हा मी नणंदबाईंच्या तोंडाकडे पाहत होते. आता थुंकतील, मग थुंकतील. आणि त्या म्हणाल्या, माह्या मायच्या हातची! पाठोपाठ सगळे. हे तर तीन वाट्या प्यायले. मला काही समजेना. मीठ गेलं कुठं? शेवटी एकच वाटलं, देवीनं तुझी बाजू घेतली. माझ्या हातानं घातलेलं तिनं खाऊन टाकलं आणि तुझी लाज राखली. बावीस वर्षं जिच्यापुढं मी धुरात बसले, ती एका दिवसात तुझी झाली. मला तुझा हेवा होता, त्या दिवसापासून देवीचाही राग आला. म्हणून मी वाटीला हात लावला नाही.

पुढच्या वर्षीपासून महालक्ष्म्या सौंसरला ने. मुखवटे मी कवड्यांच्या पेटीसकट देते. माझा त्यांच्यावर हक्क राहिला नाही.

वच्छला

सौंसर
२४ सप्टेंबर २०२५

ती. वच्छलाताई,

तुमचं पत्र मी शाळेतून आल्यावर, चप्पल न काढता वाचलं. मग खुर्चीवर बसले आणि पुन्हा वाचलं. यांनी विचारलं काय झालं, तर मला हसू येत होतं की रडू तेच कळेना.

ताई, मी आंबिलीत मीठ घातलंच नव्हतं.

विसरले नव्हते. मुद्दाम घातलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्यांना सासूबाईंनी मला ओट्यापाशी उभं करून सांगितलं होतं, "या घरात सैपाक कोणीही करो, नैवेद्यात मीठ मोठीच्याच हातचं. चाखता येत नाही ना बाई, मंग एकच हात पाहिजे. नाहीतं दोघी घालतात, नाहीतं कोणीच नाही घालत." तेव्हा त्या होत्या, म्हणून त्या घालायच्या. त्यांच्या पाठीमागे मोठी म्हणजे तुम्ही. तुम्हाला ही रीत आठवायचं कारणच पडलं नसेल, बावीस वर्षं सैपाकही तुमचाच आणि मीठही तुमचंच.

आता पुढचं ऐका. इथून पुढं लिहायला मला लाज वाटते.

मी तुम्हाला हाक मारायला हवी होती. "ताई, मीठ घाला" एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. सकाळपासून तुम्ही माझ्या भांड्याकडे एकदाही पाहिलं नाहीत, पाठ फिरवून पुरण वाटत बसलात. मी ठरवलं, हिला मान आठवत नाही ना? मग जाऊ दे अळणीच. पंगतीत सगळे तोंड वाकडं करतील, तेव्हा मी शांतपणे म्हणेन, "मीठ घालायचा मान थोरल्या सुनेचा. त्यांनी घातलं नाही, मी काय करू?" हे वाक्य मी आरशापुढं दोनदा म्हणून पाहिलं होतं. चाळीस माणसांत तुम्हाला खाली पाहायला लावायचं होतं मला. नैवेद्य अळणी गेला तरी चालेल, पण तुम्ही चुकल्याचं सगळ्यांना दिसलं पाहिजे, इथवर माझी मजल गेली होती.

आणि नणंदबाई म्हणाल्या, मायच्या हातची.

मी चक्रावले. मग झाकण पाहिलं. कडेला चार तासांत वाळून बसलेली साय नव्हती, पुसून काढलेली होती. ओट्यावर मिठाचे चार कण होते. मला वाटलं, ताईंनी मी काही न सांगता मीठ घातलं. माझी फजिती होऊ नये म्हणून गुपचूप घातलं आणि चार माणसांत बोलल्यासुद्धा नाहीत. म्हणून मी ते लिहिलं, जन्मभर लक्षात ठेवीन. उपकार म्हणून लिहिलं होतं हो ताई! टोमणा नव्हता तो.

गेले वीस दिवस मी तुम्हाला मनातल्या मनात हात जोडते आहे. आणि खरं सांगू? त्याचाही मला हेवाच वाटत होता. मी एवढी कोत्या मनाची आणि ही बाई एवढी मोठी, हे मला सहन होत नव्हतं. खीर पाठवली ती त्याच जळफळाटात, काहीतरी फेड व्हावी म्हणून. तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं वाटलं. तुम्हीही माझ्यासारख्याच निघालात.

महालक्ष्म्या कुठंही जायच्या नाहीत. मुखवटे पेटीतच असू द्या.

प्रतिभा

पांढुर्णा
४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. प्रतिभास
वच्छलाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी संत्र्याच्या बगिच्यात जाऊन वाचलं, घरात उर्वशीचे कान फार. वाचता वाचता इतकी हसले की हे शेताच्या धुऱ्यावरून ओरडले, "काय झालं वो? साप निघाला काय?" मी म्हटलं, "होय, दोन निघाले."

सासूबाईंचं बोलणं तू सांगितलंस आणि मला लख्ख आठवलं. मी भाजी करत असले की त्या मला चुलीवरून उठवायच्या, स्वतः मीठ घालायच्या आणि पुन्हा बसवायच्या. नवी असताना मला त्याचाही राग यायचा. सगळी मेहनत माझी आणि शेवटचा हात यांचा! मग त्या गेल्या आणि मी ते पार विसरून गेले.

मी तेव्हापासून हिशोब लावते आहे. तू चांगली असतीस तर माझी फिरवलेली पाठ पाहून आपणच मीठ घातलं असतंस, आणि माझ्या तीन चमच्यांनी आंबील खारट झाली असती. मी चांगली असते तर झाकणाला हात लावला नसता, आणि ती अळणी गेली असती. दोघींपैकी एक जरी धड असती, तरी त्या दिवशी नैवेद्य बिघडला असता. हे मी जामसांवलीच्या मारुतीला सांगणार आहे, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

तर येत्या शनिवारी जामसांवलीला या. वैभवच्या बगिच्याचा नवस फेडायचा आहे. तुम्हाला सौंसरहून जवळच आहे. रोडगे मी गोवऱ्यांच्या विस्तवात भाजीन, ते काही तुझ्या भांड्यात होणार नाहीत. कणीक वैभव मळेल, मी त्याला खांद्याचं सांगितलं. नागपूरच्या डॉक्टरांकडेही दिवाळीच्या आधी जाऊन येते. डाळ-वांगं तू घरून करून आण, भांडं चादरीत गुंडाळलं की गरम राहील म्हणतेस ना? फक्त वांग्याचे देठ काढू नको.

त्यात मीठ घालू नको. तिथं आल्यावर सगळ्यांदेखत मोठ्यानं विचार, "ताई, मीठ घातलं का?" मी सगळ्यांदेखत घालीन आणि सांगीन, घातलं. पुढच्या महालक्ष्म्यांनाही तसंच. आंबील तुझ्या भांड्यात, मीठ माझ्या हातचं, आणि वडे तळायला तू बसशील. साडी जुनी नेसून ये.

डब्यात करवंटीचा चमचा ठेवला आहे, सासूबाईंचा. माप पाहून घे. चमचा शनिवारी परत आण.

वच्छला

ता. क. उर्वशी म्हणते, अमितला सांगून तसलं एक भांडं आपल्याकडेही मागवा. तिच्या नावानं मागवू नको. मागवायचं तर माझ्या नावानं मागव.